खिडकीखालची पट्टी

माझ्या धाकट्या जावेबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. मी तिच्यावर जळते. आजकालची गोष्ट नाही, ती लग्न होऊन या घरात आली त्याला पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही. तेच तर जास्त झोंबतं. भांडायला काही कारण दिलं असतं, तर मी एकदाची भांडून मोकळी झाले असते.

ती बसमध्ये कंडक्टर आहे. मोठा दवाखाना ते पाण्याची टाकी, दिवसातून आठ फेऱ्या. बुटकी, गोल, आणि आवाज असा की शेवटच्या सीटवर पेंगणारा माणूस आपला स्टॉप आला म्हणून धडपडत उठतो आणि मग त्याला कळतं की अजून तीन स्टॉप आहेत. तिच्या बसमध्ये चढणारी माणसं तिला बिया देतात. का देतात, देव जाणे. मी याच गल्लीत इतकी वर्षं लोकांचे कोट आणि पडदे शिवते, मला आजवर कोणी मोहरीएवढी बी दिली नाही. हिला कोणी रुमालातून देतं, कोणी काडेपेटीतून. ती त्या बिया तिकिटाच्या कागदात गुंडाळते, वर पेन्सिलीने लिहिते आणि चामड्याच्या बॅगेत टाकते. लिहिते काय, तर झाडाचं नाव नाही. ‘चष्मेवाल्या आजोबांचा घेवडा’. ‘रडक्या नर्सचे मटार’. ‘टाकीवरच्या न्हाव्याचं काहीतरी, लाल’.

हे ‘काहीतरी, लाल’ दरवर्षी उगवतं. माझी तक्रार एवढीच आहे.

आमचं घर एक, स्वयंपाकघरं दोन आणि मागचं अंगण एक. अंगणाच्या मधोमध विटांची ओळ आहे. मागच्या पायरीवर उभं राहिलं की डावीकडचं माझं, उजवीकडचं तिचं. थंडीचे तीन-चार महिने माती दगड होऊन बसते, तेव्हा दोन्हीकडे सारखंच काही नसतं, आणि वर्षातले तेवढेच महिने मला सुखाचे जातात. पुढच्या वर्षीची बाग मी त्या दिवसांत बेतते. अगदी कापड बेतावं तशी. कटिंगच्या टेबलावर खाकी कागद पसरायचा, अंगणाचं माप त्यावर उतरवायचं, खडूने वाफे आखायचे. रंगपेटी मी वापरत नाही. चिंध्यांचं एक गाठोडं आहे, त्यातून शेवंतीला पिवळं पॉपलीन, डेलियाला मरून मखमल, पालकाला कुणाच्यातरी गणवेशाचं हिरवं, असे तुकडे कापून टाचण्यांनी कागदावर लावायचे. आमचे हे एकदा म्हणाले, “तुझी बाग कागदावरच इतकी छान दिसते की मातीत लावायची गरजच काय?” हे कौतुक नव्हतं, हे मला पंधरा मिनिटांनी कळलं.

कारण खरं सांगायचं तर मातीत माझी बाग जरा कमीच पडते. रांगा सरळ येतात, त्यात खोट काढायला जागा नाही. लावताना मी टेप धरून मोजते, आणि सवयीने मोठ्याने बोलत मोजते, सहा इंच, सहा इंच, नऊ, मग कात्रीपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना शिव्या देत पुढची रांग. एवढं करून डेलिया येतात कोटाच्या बटणाएवढे. आणि विटांच्या पलीकडे धाकटी ड्युटीवरून येते, बूट काढते, गणवेशातच उकिडवी बसते, अंगठ्याने खड्डा करते, बी टाकते आणि पुढे सरकते. भोपळा गुलाबावर चढलेला, गुलाब मटारात घुसलेला, आणि सगळं फुललेलं. लोक कुंपणाशी थांबतात. पोस्टमन पत्र माझ्या हातात देतो आणि बघतो तिच्या बाजूला. “तुमच्या जाऊबाईंच्या हाताला गुण आहे हो,” म्हणतो. मी शिवलेली विजार घालून म्हणतो.

लोकांचं एक वेळ सोडून देता आलं असतं. सासूबाईंचं सोडता येत नव्हतं.

सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून काढली. लोकांचं बोलणं जोडून देणं हे काम असल्यामुळे की काय, स्वतः मोजकंच बोलतात. कौतुक तर कुणाचंच करत नाहीत. मी शिवलेला कोट बारा वर्षं वापरला आणि ‘गरम आहे’ एवढंच म्हणाल्या. पण रोज सकाळी त्या चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायच्या आणि मान उजवीकडे वळवायच्या. धाकटीच्या बाजूला. मी इकडे गुडघ्यावर बसून माती उपसत असायचे, आणि मला दिसायचा त्यांचा डावा कान. पंधरा वर्षं मी या घरातल्या सगळ्यांची तोंडं बघितली, सासूबाईंचा मात्र सकाळी सकाळी कानच बघितला. माणसाने एका कानाकडे बघून किती जळावं याला काही सुमार असतो. मला तो नव्हता.

यंदा थंडीच्या तोंडावर सासूबाई त्याच पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आल्या, पण निदान वर्षभर पायऱ्या उतरायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांची खाट मागच्या खोलीत खिडकीशी लावली. त्या खिडकीखाली, घराच्या भिंतीला लागून, एक पट्टी आहे. चौदा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद. तिथे आजवर कोणी काही लावलं नव्हतं, मोडक्या काठ्या पडून असायच्या. आठवडाभराने सासूबाईंनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी मला बागेतली तेवढीच जागा दिसणार, आणि ती एकीनेच लावायची. दोघी मिळून लावाल तर दोघी मिळून भांडाल, आणि ते मला पडल्या पडल्या ऐकावं लागेल. काय लावणार ते थंडी संपायच्या आत येऊन दाखवा, मग मी ठरवीन.

ती पट्टी मला हवी होती. आयुष्यात दुकानासाठी जागा हवी होती तेव्हाही मी इतकी हावरी झाले नव्हते. वर्षभर त्या खिडकीतून त्यांना एकच बाग दिसणार होती. ती माझी असली की मान वळवायला दुसरीकडे जागाच नव्हती.

पाच आठवडे मी त्या नकाशावर बसले. खिडकी मोजली, भिंत मोजली, समोर आठ फुटांवर पत्र्याची उंच शेड आहे तीही मोजली. सूर्य शेडच्या मागून उगवतो, ती बाजू लाल दोऱ्याने दाखवली. पुढे छोटी फुलझाडं, मागे गुडघ्याएवढी शेवंती, मधे मरून डेलिया, कडेला लेसची किनार लावावी तशी पांढऱ्या फुलांची ओळ. गिऱ्हाइकांचे कपडे मागे पडले. एका बाईने कोट मागायला तिसरी खेप घातली तेव्हा मी तिला शेवंतीच्या जाती सांगत बसले.

धाकटी काय करत होती? काही नाही. ड्युटीवरून यायची, तडक सासूबाईंच्या खोलीत जायची आणि त्यांच्या शेजारी खाटेवर आडवी व्हायची. मी एकदा दारातून बघितलं तर त्यांच्याच उशीवर डोकं टेकून खिडकीकडे बघत पडली होती. मी मनात म्हटलं, बघा लाडीगोडी. मला काही असं कुणाच्या उशीवर डोकं ठेवून पट्टी मिळवायची नाही, मी कामावर मिळवीन.

ठरलेल्या रविवारी मी कागद गुंडाळून घेऊन गेले. धाकटी बॅगेतून एकच पुडी घेऊन आली. वर लिहिलं होतं, ‘दवाखान्यासमोरच्या फळवालीची सूर्यफुलं, खूप उंच’. एवढंच. मला हसू आवरेना. खिडकीच्या तोंडाशी कोणी उंच झाडं लावतं का?

मी नकाशा पांघरुणावर पसरला आणि अर्धा तास समजावून सांगितला. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मखमलीवरून बोट फिरवलं. मग हळूच एका बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, “आता जरा इथे आडवी हो.”

मी त्यांच्या उशीवर डोकं ठेवलं. खिडकीतून आभाळ दिसलं, एक तार दिसली, आणि शेडच्या भिंतीचा वरचा भाग. खाली काहीच नाही. खिडकीची कड सगळं झाकत होती. माझी गुडघ्याएवढी शेवंती, माझे डेलिया, ती पांढरी किनार, सगळं त्या कडेच्या खाली.

“यातलं मला काय दिसणार?” त्यांनी विचारलं.

मी खिडकी मोजली, भिंत मोजली, शेड मोजली, आणि जिच्यासाठी बेतत होते तिचंच माप घेतलं नाही. गिऱ्हाइकाला न बघता कपडा कापणाऱ्या शिंप्यांची मी आयुष्यभर टर उडवत आले आहे.

पट्टी धाकटीला मिळाली. त्या दिवशी मी जेवले नाही. आमचे हे म्हणाले की पोट बिघडलं असेल तर ओवा खा. पोट बिघडलं नव्हतं, दुखत होतं, आणि त्यावर ओवा चालत नाही.

दोन दिवसांनी धाकटी माझ्या दुकानात आली. दुकान म्हणजे आमची पुढचीच खोली. स्टुलावर बसून म्हणाली की वहिनी, मला काही असं कागदावर बसवता येत नाही, माझ्या सूर्यफुलांचा नकाशा तुम्ही काढून द्याल का? आईंनी तुमचा तो कागद अजून उशाशी ठेवलाय, माझाही एक असू दे. म्हणजे मला हरवून वर माझ्याकडूनच मिरवायला कागद. अंगाचा तिळपापड झाला. पण गिऱ्हाईक म्हणून दुकानात आलेल्या माणसाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

या वेळी मी शहाणी झाले होते. सासूबाईंच्या उशीवरून दिसेल तशीच खिडकी कागदावर काढली, चौकटीसकट. सूर्यफुलांसाठी पिवळं सॅटिन काढलं आणि सात गोल कापले. सुलट बाजू झगझगीत, उलट बाजू मळकट. लाल दोऱ्याने शेडमागची सूर्याची बाजू दाखवली, पहिली टाचणी उचलली आणि तिथेच थांबले.

कपडे पोहोचवायला जाते त्या वाटेवर एका शाळेच्या कुंपणाला सूर्यफुलांची रांग असते. पूर्ण उमललेलं सूर्यफूल दिवसभर फिरत नाही. ते उगवतीकडे तोंड करून उभं राहतं. आणि आमच्या खिडकीसमोर उगवती शेडच्या बाजूला होती. म्हणजे धाकटीची सातही सूर्यफुलं शेडकडे बघत उभी राहणार, आणि सासूबाईंना उन्हाळाभर दिसणार त्यांच्या पाठी. हिरवी बोंडं आणि देठ.

मला जो आनंद झाला तो सांगताना लाज वाटते, पण झाला. मी सातही गोल सुलट्या बाजूने टाचले, झगझगीत, आणि कागद टेबलावर ठेवून दिला. चार दिवस तो तसाच होता. येता जाता बघायचे आणि गालात हसायचे. कोणाला काही सांगायची गरज नव्हती. मी फक्त गप्प बसायचं, बाकी सगळं सूर्य करणार होता.

पण मग मशीनवर बसलं की नजर तिकडेच जाऊ लागली. खिडकीतून बघितलेलं चित्र आणि त्यात सुलटी फुलं. चुकीचं होतं ते. माझ्या हातचं चुकीचं काम आजवर या खोलीबाहेर गेलेलं नाही. तिच्या बागेचं मला काही पडलं नव्हतं, पण कागद माझा होता. पाचव्या दिवशी मी टाचण्या काढल्या आणि सातही गोल उलटे लावले.

संध्याकाळी धाकटी कागद घ्यायला आली. बघितलं आणि म्हणाली, “वहिनी, हे उलटं टाचलंय.”

“उलटं नाही. असंच दिसणार आहे,” मी म्हटलं, आणि कारण सांगितलं.

तिने एका गोलाची कड उचलून सुलट बाजू बघितली. मग जे बोलली ते इतक्या हळू की हिला असाही आवाज आहे हे मला तेव्हाच कळलं. “मग पट्टी तुम्हीच घ्या, वहिनी. मला कुठे एवढं समजतं. आईंना मी सांगते.”

झालं. पट्टी आली होती चालत घरी. ‘बरं’ एवढाच शब्द उच्चारायचा होता. तेवढ्यात पोस्टमनची बायको कोट घालून बघायला आली. भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर उभी राहिली आणि नेहमीसारखं म्हणाली की मागून कसा बसलाय ते दाखवा. मी सवयीने पाठ दाखवायचा छोटा आरसा उचलून तिच्या मागे धरला. तिने स्वतःची पाठ बघितली, खूश झाली. माझा हात मात्र तसाच वर राहिला. ज्या आरशात तोंड समोर असताना पाठ दिसते, त्यात पाठ समोर असताना तोंड का दिसू नये?

हे मी तिच्या प्रेमापोटी बोलले असं कोणी समजू नये. नकाशा आता माझा झाला होता, आणि माझ्या नकाशातली बाग बिघडावी हे मला तिच्या जिंकण्यापेक्षाही सहन झालं नसतं. मी म्हटलं, “लाव तुझी सूर्यफुलं. हा भिंतीवरचा मोठा आरसा शेडच्या भिंतीवर टांगू. आईंना आरशातून तोंडं दिसतील.”

बोलल्यावर मला स्वतःचा राग आला तो वेगळा.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही रंगीत तालीम केली. कडाक्याची थंडी होती. धाकटी शेडसमोर शिडीवर चढली आणि दोन्ही हातांनी आरसा छातीशी धरून किंचित खाली कलता केला. तिची नुसती बोटं दिसत होती आणि खाली बूट. सूर्यफूल मी झाले, कारण घरात उंच मीच. पट्टीत स्टूल ठेवून त्यावर उभी राहिले, खिडकीकडे पाठ, शेडकडे तोंड, डोक्याला पिवळा स्कार्फ. आतून सासूबाई सांगत होत्या, आरसा वर घ्या, अजून वर, आता डावीकडे. टेलिफोन ऑफिसात तारा जोडाव्यात तशा त्या आम्हाला जोडत होत्या.

मी त्या बोटांकडे बघत उभी होते. मनात काय चाललं होतं ते सांगते. उन्हाळ्यात लोक कुंपणाशी थांबणार आणि म्हणणार, धाकटीची सूर्यफुलं. आरसा कुणाचा हे एकही माणूस विचारणार नाही. आणि मी ही अशी, हाती आलेली पट्टी सोडून, स्टुलावर सूर्यफूल होऊन कुडकुडते आहे. सासूबाईंना माझी पाठ होती, धाकटीच्या तोंडासमोर आरसा होता. म्हणून मी तोंड हवं तेवढं वाकडं केलं होतं.

“दिसलं,” सासूबाई म्हणाल्या. “बस, आता हलू नका.” आणि थोड्या वेळाने, “मोठे, तोंड का असं केलंयस?”

मी दचकून वर बघितलं. आरशात खिडकी होती, खिडकीत उशी, आणि उशीवर सासूबाई सरळ माझ्याकडे बघत होत्या. कान नाही, अख्खा चेहरा.

थंडीने गारठले असं सांगता आलं असतं. पण इतकं स्पष्ट कोणी बघत असलं की खोटं उमटत नाही. मी म्हटलं, “तुम्ही रोज तिच्याच बाजूला बघत बसायचात, आई. पंधरा वर्षं.”

सासूबाई म्हणाल्या, “माझा उजवा कान गेलाय. नोकरीत असतानाच गेला. ऑफिसात कळलं असतं तर घरी बसवलं असतं, म्हणून बोलले नाही, आणि मग ते न बोलणंच अंगवळणी पडलं. धाकटीचं काय, ती अंगणात बोलली तर टाकीवर ऐकू जातं. तू मात्र तोंडातल्या तोंडात मोजत असायचीस. सहा इंच, सहा इंच, नऊ. मधे कुणाकुणाला शिव्या. ते ऐकायचं तर चांगला कान तुझ्याकडे करून बसावं लागायचं. मला त्याशिवाय चहा गोड लागत नसे.”

मी वाकडं केलेलं तोंड सरळ केलं.

“यंदा पट्टीला पाणी तू घालायचंस, सकाळी, मोठ्याने मोजत,” त्या म्हणाल्या. “फुलं तिची असू देत.”

तेवढ्यात आरसा हलला. खिडकी, उशी, सासूबाई, सगळं एकदम थरथरलं आणि आरशात नुसतं आभाळ आलं. शिडीवरून धाकटीचा आवाज आला की हात भरून आलेत. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती, आणि ही बाई दिवसभर चालत्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभी राहते. मी तिच्या त्या बोटांकडे नीट बघितलं. आरशाच्या कडेवर ती पांढरी पडली होती.

ती जळत होती. माझ्यावर.

मी स्कार्फ सरळ केला आणि तिला म्हटलं की घाई नाही, सावकाश धर, आईंना अजून नीट बघू दे.